ठेक्याची मालकी कोणाची?

रॉक संगीताचे चाहते एकत्र जमले की श्रेष्ठ ड्रमवादक कोण, हा वाद निघाल्यावाचून राहत नाही. कोणी कीथ मूनचे नाव घेतो, कोणी जिंजर बेकरचे. पण बहुमताचा कौल बहुधा ‘लेड झेपलिन’च्या जॉन बॉनमच्या बाजूने पडतो. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने २०१६ मध्ये शंभर ड्रमवादकांची जी क्रमवारी प्रसिद्ध केली, तीतही पहिला क्रमांक त्याचाच होता. वादाच्या उत्तरार्धात मग उपेक्षितांची आठवण निघते. ज्यांनी वाजवले पण ज्यांची नावे तबकड्यांवर कधी आली नाहीत, अशांची एक दुसरी यादी तयार होते, हळहळ व्यक्त होते आणि बैठक संपते.

या दोन याद्या परस्परांपासून अगदी वेगळ्या आहेत असे गृहीत धरले जाते. एकीत प्रतिभावंत, दुसरीत दुर्दैवी. वस्तुतः दोन्हींना विभागणारी रेषा हातातील कसबाने जितकी आखली आहे, तितकीच हिशेबाच्या वहीने आखली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बॉनमचे आयुष्य त्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

इंग्लंडच्या वूस्टरशर परगण्यात रेडिच नावाचे गाव आहे. सुयांच्या कारखान्यांसाठी ते एके काळी जगभर प्रसिद्ध होते. तेथे ३१ मे १९४८ रोजी जॉनचा जन्म झाला. वडिलांचा बांधकामाचा व सुतारकामाचा व्यवसाय, तर आई वृत्तपत्रांचे दुकान चालवी. पाचव्या वर्षापासून हा मुलगा घरातले डबे आणि कॉफीचे रिकामे टिन मांडून त्यांवर जीन क्रुपा, बडी रिच या अमेरिकन जाझवादकांची नक्कल करू लागला. दहाव्या वर्षी आईने त्याला एक सुटा ड्रम घेऊन दिला. पूर्ण संच वडिलांकडून मिळायला पंधरावे वर्ष उजाडले. शिक्षण असे त्याला कोणी दिलेच नाही. १९६४ मध्ये शाळा सोडून तो वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकू लागला आणि रात्री बर्मिंगहॅमच्या परिसरातील लहानमोठ्या वाद्यवृंदांत वाजवू लागला. १९६६ मध्ये लग्न झाले, त्याच वर्षी मुलगा झाला. संसार चाकांवरच्या एका फिरत्या घरात थाटला होता.

दिवसा रंधा आणि रात्री ढोल, असे हे जीवन होते. या दोन कामांत त्याला स्वतःला फार अंतर वाटत नसावे. दोन्ही हातांची कामे, दोन्हींना ठरलेली मजुरी. त्याचे वाजवणे इतके दणदणीत असे, की क्लबचालक तक्रार करीत.

१९६८ च्या उन्हाळ्यात जिमी पेज हा गिटारवादक ‘यार्डबर्ड्स’ हा मोडलेला संच नव्याने उभारण्याच्या खटपटीत होता. गायक रॉबर्ट प्लँट याने आपल्या जुन्या सोबत्याचे नाव सुचवले. बॉनम तेव्हा टिम रोझ या अमेरिकन गायकाच्या साथीला होता आणि त्याला नियमित आठवडी वेतन मिळत होते. शिवाय जो कॉकर आणि क्रिस फार्लो यांच्याकडूनही बोलावणी होती. नावारूपाला न आलेल्या संचासाठी बांधलेले वेतन सोडावे का, हा प्रश्न बायको-मुलाच्या धन्याला सोपा नव्हता. त्याचे मन वळवण्यासाठी एका मद्यगृहाच्या पत्त्यावर तारांवर तारा पाठवाव्या लागल्या. पुढे जे वैभव आले ते पाहता त्याच्या या संकोचाची गंमत वाटते. परंतु वेतनावर जगणाऱ्या कोणाही वाचकाला तो संकोच समजेल.

जानेवारी १९६९ मध्ये ‘लेड झेपलिन’ची पहिली तबकडी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिच्यातील पहिल्याच गाण्यात पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर तीन-तीन बोलांचे जे जलद तुकडे ऐकू येतात, ते दोन पायांनी वाजवले असावेत असा अनेकांचा समज झाला. ते एकाच पायाचे काम होते. तथापि वेग हे बॉनमचे खरे वैशिष्ट्य नव्हे. लय किंचित मागे ओढून धरण्यात आणि दोन आघातांमधील मोकळी जागा भरून न टाकण्यात त्याचे मोठेपण होते. आपल्याकडील जाणकार एखाद्या तबलजीच्या नुसत्या ठेक्याला दाद देतात ना, त्याच जातीचे हे काम. ‘मोबी डिक’ या रचनेत तो छड्या टाकून उघड्या हातांनी वाजवी, आणि रंगमंचावर हे एकलवादन पंधरा-वीस मिनिटे सहज चाले.

१९७०-७१ च्या हिवाळ्यात चौथ्या तबकडीच्या कामासाठी हा संच हॅम्पशर परगण्यातील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जाऊन राहिला. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला या वास्तूपाशी थोडे थांबावेसे वाटते. ती १७९५ साली आसपासच्या खेड्यांतील निर्धनांसाठी श्रमगृह म्हणून बांधली गेली होती. १८३० मध्ये मजुरीच्या दरावरून इंग्लंडच्या दक्षिण भागात शेतमजुरांचे जे उठाव झाले, त्यांत जमावाने याच इमारतीवर हल्ला चढवला होता. तिच्या उंच जिन्याच्या तळाशी बॉनमचे ड्रम मांडण्यात आले आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने दोन ध्वनिग्राहक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्याच्या प्रारंभी जो घुमणारा, दगडी म्हणावा असा नाद आहे, तो या जिन्याचा. गाणे मूळचे १९२९ सालचे, मेम्फिस मिनी व कॅन्सस जो मकॉय या कृष्णवर्णीय दांपत्याचे. १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुराने लाखो लोक बेघर झाले त्याची ती आठवण. या तबकडीवर रचनाकार म्हणून संचातील चौघांबरोबर मिनीचे नाव छापले गेले. कॅन्सस जोचे मात्र गळाले.

याच मुक्कामात ‘फोर स्टिक्स’ नावाच्या रचनेचे घोडे अडले होते. बॉनम तीत दोन्ही हातांत दोन-दोन छड्या धरून वाजवी; नाव त्यावरूनच पडले. मनासारखे होईना, तेव्हा वैतागून त्याने ‘कीप अ-नॉकिन’ या लिटल रिचर्डच्या १९५७ सालच्या गाण्याचा आरंभीचा ठेका सुरू केला. पेजने त्यावर गिटार धरली आणि थोड्याच वेळात ‘रॉक अँड रोल’ या गाण्याचा सांगाडा उभा राहिला. रचनाकारांत चौघांची नावे आली. गाण्याचे बीज ढोलात होते आणि ढोलवाल्याला त्याचा वाटा मिळाला. न्याय झाला, असे वाटते.

पण तो ठेका मुळात बॉनमचा नव्हता. लिटल रिचर्डच्या मागे तो वाजवणारा वादक न्यू ऑर्लिन्सचा चार्ल्स कॉनर. त्याने वाजवले, बिदागी घेतली आणि विषय संपला. येथे कॉपीराइटच्या व्यवहाराचे मर्म लक्षात घेतले पाहिजे. गाण्याचे शब्द आणि चाल यांना मालमत्ता मानले जाते. तिचे स्वामित्वधन रचनाकाराला जन्मभर आणि त्याच्या वारसांना पुढेही मिळत राहते. ठेका ही मात्र साथ. साथ म्हणजे श्रम, आणि श्रमाचे मोल एकदा चुकते केले की कोणाचे देणे उरत नाही. दोन कडव्यांच्या क्षुल्लक चालीलाही वारस असतात. ज्या ठेक्यावर साऱ्या जगाने पाय आपटले त्याला नसतात. जेम्स ब्राउनच्या १९७० सालच्या ‘फंकी ड्रमर’ या तबकडीचे नावच ढोलवादकाचे आहे, तो ठेका पुढे शेकडो गाण्यांत उचलला गेला, पण वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड रचनाकार ठरला नाही.

बॉनम या नियमाला अपवाद ठरला, कारण तो संचाचा भागीदार होता आणि त्या संचाचा व्यवस्थापक पीटर ग्रँट हा सौदा करण्यात कमालीचा कठोर होता. कार्यक्रमाच्या उत्पन्नातील नव्वद टक्के वाटा तो आयोजकांकडून मागून घेई. ५ मे १९७३ रोजी फ्लॉरिडातील टॅम्पा येथे सुमारे ५६,८०० श्रोते आले आणि तीन लाख डॉलरांवर रक्कम जमली. एका संचाच्या कार्यक्रमाचा तोवरचा उच्चांक बीटल्सचा होता, तो मोडला. ‘काश्मीर’ या १९७५ मधील विख्यात रचनेवरही बॉनमचे नाव आहे. काश्मीरशी तिचा संबंध नाही. शब्द सुचले ते मोरोक्कोच्या वाळवंटातील रस्त्यावर. तिची जडणघडण मात्र आपल्या कानाला चटकन उमगते: ढोल चार मात्रांचा, वरची सुरावट तीन मात्रांची, आणि दोघांची गाठ दर बारा मात्रांनी. हा भार पेलणारा ठेका काढून टाकला तर रचना उरतच नाही. तिथे रचनाकार कोण, हा वाद निरर्थक होतो.

पैसा आला तशी घरापासून ताटातूटही आली. बॉनमने वूस्टरशरमध्ये शेतवाडी घेतली होती, हेरफर्ड जातीची गुरे पाळली होती. ब्रिटनमध्ये तेव्हा कमावलेल्या उत्पन्नावरील कराचा सर्वोच्च दर ८३ टक्के होता. तो चुकवण्यासाठी १९७५ मध्ये संचाने देशाबाहेर वास्तव्य पत्करले. करनीतीची चर्चा करताना आपण भांडवलाच्या पलायनाविषयी बोलतो, माणसाविषयी क्वचितच. घरची ओढ लागलेला हा माणूस दौऱ्यांवर पिऊ लागला आणि प्याला की हिंस्र होई. त्याच्यातील या दुसऱ्या माणसावर चाहते पांघरूण घालतात; ते योग्य नव्हे. जुलै १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे आयोजकाच्या नोकरांना झालेल्या मारहाणीत त्याचा हात होता. खटल्यात त्याने आरोपांचा प्रतिवाद केला नाही. त्याला स्थगित शिक्षा झाली. मार खाणारे पगारी नोकर होते, हेही नोंदवले पाहिजे.

२४ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेच्या नव्या दौऱ्याच्या तालमीला जाताना त्याने न्याहारीलाच व्होडका घेतली आणि दिवसभर तो पीत राहिला. त्या रात्री विंडसरजवळ पेजच्या घरी त्याला झोपवण्यात आले. दुसऱ्या दिवशी तो मृतावस्थेत आढळला. चाळीसच्या आसपास पेगांएवढे मद्य पोटात गेले होते, आणि झोपेत उलटी श्वासमार्गात जाऊन मृत्यू ओढवला होता. चौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय झाला. वय ३२. त्याच्यावाचून हा संच पुढे चालवता येणार नाही, असे उरलेल्या तिघांनी ४ डिसेंबर रोजी जाहीर केले. ढोलवादक बदलून काम चालू ठेवण्याची रीत असलेल्या व्यवसायात हे विरळाच. ज्याला साथ म्हणतात ती वस्तुतः भागीदारी असते, याची इतकी स्वच्छ कबुली दुसरी मला माहीत नाही.

त्याच्या सत्तराव्या जन्मदिनी, ३१ मे २०१८ रोजी, रेडिचमध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. चार्ल्स कॉनर २०२१ मध्ये वारला.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट यांनी येथील वादकांना घेऊन दोन रचना ध्वनिमुद्रित केल्या. बॉनम त्या वेळी बरोबर नव्हता. त्यांतली एक होती ‘फोर स्टिक्स’, ज्या रचनेने खुद्द बॉनमला हैराण केले होते. तिचा ठेका मुंबईत तबल्यावर उतरवण्याचा प्रयत्न झाला. ही ध्वनिमुद्रणे २०१५ पर्यंत अधिकृतपणे प्रसिद्ध झाली नाहीत. झाली तेव्हा दुसऱ्या रचनेच्या शीर्षकात कंसात दोनच शब्द होते: बॉम्बे ऑर्केस्ट्रा.