हिमराणीच्या गोष्टीमागचं बालपण

पालकहो, ‘कुरूप बदकाचं पिल्लू’ आपण मुलांना सांगतोच. ती लिहिणाऱ्या हॅन्स ख्रिश्चन अँडरसन यांचं बालपण माहीत आहे का? त्यांचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजी डेन्मार्कमधल्या ओडेन्से गावी झाला. वडील जोडे शिवायचे, आई लोकांचे कपडे धुवायची. छपराच्या पन्हळीत मातीची एक पेटी, तीत आईने लावलेली भाजी, एवढीच त्यांची बाग! वडील हॅन्सला गोष्टी वाचून दाखवत, खेळणी करून देत. एका हिवाळ्यात खिडकीच्या गोठलेल्या काचेवर हात पसरलेल्या बाईसारखी आकृती उमटली. ती आपल्याला न्यायला आलीय, असं वडील थट्टेत म्हणाले. १८१६ मध्ये ते खरंच गेले. बर्फाच्या बाईनेच नेलं, असं आई म्हणाली. हॅन्स तेव्हा अकरा वर्षांचा होता.

पुढे १८४४ च्या अखेरीस अँडरसन यांची ‘हिमराणी’ आली. शेजारी राहणारे काई आणि गेर्डा, दोन घरांच्या मधल्या पन्हळीवर मातीच्या पेट्या, त्यांत गुलाब. काईला हिमराणी घेऊन जाते. सगळ्यांना वाटतं, तो मेला. गेर्डा मात्र अनवाणी त्याला शोधत फिरते.

काई हरवतो तो भाग काही जण गाळतात. मी नाही गाळत. वर्गात वडील गमावलेलं एखादं लेकरू असतंच, आणि ते या गोष्टीत सगळ्यांत शांत बसतं.