दोन नातू, एक सिंहासन

फ्रान्सच्या राजघराण्यातील वारसाहक्काचा नियम मोठा काटेकोर होता. राजानंतर त्याचा ज्येष्ठ पुत्र, तो हयात नसल्यास त्याचा पुत्र. स्त्रियांना आणि त्यांच्या संततीला राजपदावर हक्क नाही, अशी परंपरा शतकानुशतके चालत आली होती. या परंपरेला बगल देऊन सिंहासनावर बसलेला आणि अखेरीस तिचाच आधार शोधणारा राजा म्हणजे लुई फिलिप होय.

बूर्बाँ राजवंशाच्या ऑर्लेआँ या धाकट्या पातीत, ६ ऑक्टोबर १७७३ रोजी पॅरिस येथे त्याचा जन्म झाला. जन्मतःच तो व्हाल्वाचा ड्यूक झाला आणि पुढे शार्त्रचा. १७८९ च्या राज्यक्रांतीने असल्या सर्व पदव्या मोडीत काढल्या. त्याच्या पित्याने समता या अर्थाचे आडनाव धारण केले आणि जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईच्या देहदंडाच्या बाजूने मत दिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गिलोटिनने त्याचाही बळी घेतला. पुत्र क्रांतीच्या सैन्यातून वाल्मी आणि झेमाप येथे लढला होता; पण आपल्या सेनापतीबरोबर त्यालाही देश सोडावा लागला. स्वित्झर्लंडमधील रायखेनाऊ येथील शाळेत खोटे नाव घेऊन या राजपुत्राने भूगोल आणि गणित शिकवून दिवस काढले. अमेरिका, इंग्लंड, सिसिली अशी भटकंती करीत १८१४ साली तो मायदेशी परतला.

जुलै १८३० मध्ये दहाव्या चार्ल्सने वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य हिरावून घेणारे आणि मताधिकार आकुंचित करणारे हुकूम काढले. पॅरिसची जनता तीन दिवस रस्त्यांवर लढली. २ ऑगस्ट रोजी चार्ल्सने नातवासाठी राजत्याग केला. हा बोर्दोचा ड्यूक आंरी तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या नावाने द्वाही फिरविण्याची जबाबदारी चार्ल्सने लुई फिलिपवर सोपविली. त्याने प्रतिनिधिगृहाला राजत्यागाची वार्ता कळविली. बालकाच्या हक्काविषयी मात्र मौन पाळले. ९ ऑगस्ट रोजी त्याने स्वतःच राजपदाची शपथ घेतली.

त्याने घेतलेले बिरुद फ्रान्सचा राजा असे नव्हते. फ्रेंचांचा राजा असे होते. देश ही राजाची वडिलार्जित मालमत्ता नव्हे, राजपद लोकांकडून येते, असा त्या बिरुदाचा आशय होता. क्रांतीचा तिरंगी ध्वज पुन्हा फडकला आणि १८३१ साली वरिष्ठ सभागृहातील सरदारांचे वंशपरंपरागत सदस्यत्वही संपुष्टात आले.

परंतु हे फ्रेंच म्हणजे नेमके कोण? मताचा अधिकार सर्वसाधारणपणे वर्षाला २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्यांपुरताच होता. १८४६ मध्येही सुमारे साडेतीन कोटींच्या देशात मतदार होते अडीच लाखांहून कमी. मताधिकार वाढविण्याची मागणी राजाने आणि त्याचा मंत्री गिझो याने सतत झिडकारली. सुधारणेसाठी योजलेल्या मेजवानीवर फेब्रुवारी १८४८ मध्ये बंदी येताच पॅरिस पुन्हा पेटले.

२४ फेब्रुवारी रोजी लुई फिलिपने राजत्याग केला, तोही नातवासाठी. ज्येष्ठ पुत्र १८४२ मध्येच घोडागाडीच्या अपघातात दगावला होता. त्याचा मुलगा, पॅरिसचा काउंट, याचेही वय त्या दिवशी नऊच वर्षांचे होते. विधवा माता त्याला घेऊन प्रतिनिधिगृहात गेली. पण तेथे घुसलेल्या जमावापुढे तिचे काही चालले नाही आणि प्रजासत्ताकाची घोषणा झाली. वृद्ध राजा स्मिथ या नावाने इंग्लंडला निसटला आणि तेथेच, क्लेअरमाँट येथे, २६ ऑगस्ट १८५० रोजी निवर्तला.

हा केवळ दैवदुर्विलास नव्हे. जन्मसिद्ध हक्क नाकारून लोकसंमतीवर सिंहासन मिळविणाऱ्याने ती संमती जपावी लागते. लुई फिलिपने लोकांचे नाव बिरुदात घेतले आणि लोकांना मतपेटीपासून दूर ठेवले. संकटसमयी त्याच्यापाशी उरला तो वारसाहक्क, आणि त्याचे मोल त्याने स्वतःच अठरा वर्षांपूर्वी संपविले होते.