स्वामी कुवलयानंद : योगाचा वर्ग भरविणारे शिक्षक

डभईचे नाव मराठी इतिहासाच्या अभ्यासकांस १७३१ च्या लढाईमुळे परिचित आहे. पहिले बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांचा संग्राम या गावाजवळ झाला, आणि त्यानंतरच्या काळात गुजरातेत गायकवाडांचा उत्कर्ष होत गेला. पुढे बडोदे संस्थानाच्या आश्रयाने कारकुनी, शिक्षकी, वैद्यकी, भिक्षुकी अशा नाना व्यवसायांतील मराठी कुटुंबे त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. अशाच एका बेताच्या स्थितीतील घरात दि. ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभई येथे जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते. आईचे नाव सरस्वती. हेच जगन्नाथपंत पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने देशोदेशी प्रसिद्धी पावले.

त्यांच्या नावामागे स्वामी ही उपाधी असली तरी त्यांचा मूळ पिंड शिक्षकाचा होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्राचा विचार करताना सतत ध्यानी ठेवावी लागते. सिद्धपुरुष म्हणून त्यांचे वर्णन करणारे पुष्कळ भेटतील. परंतु सिद्धी हा त्यांच्या आस्थेचा विषयच नव्हता. जी विद्या गुरूने शिष्याच्या कानात सांगावी आणि शिष्याने ती झाकून ठेवावी असा शतकानुशतकांचा परिपाठ होता, ती शाळेतील साध्या मास्तरास निर्धोकपणे शिकविता येईल काय, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि उभे आयुष्य त्यास वाहिले.

घरची ओढाताण असूनही १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयातील प्रावीण्याबद्दल त्यांना मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि उच्च शिक्षणाचा मार्ग खुला झाला. ते बडोदे कॉलेजात दाखल झाले. श्रीअरविंद घोष यांच्या बडोद्यातील अध्यापनाचा तो काळ होता, आणि त्यांच्या विचारांचा तसाच लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा संस्कार या तरुणाच्या मनावर खोल उमटला. मातृभूमीच्या सेवेत आयुष्य घालवावयाचे आणि त्यासाठी अविवाहित राहावयाचे, हा निश्चय त्याच वयातला.

सेवेचे साधन कोणते, हे मात्र आखाड्यात उमगले. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांची बडोद्यातील व्यायामशाळा त्या काळी तरुणांचे तीर्थक्षेत्रच होती. १९०७ ते १९१० अशी सुमारे तीन वर्षे गुणे यांनी माणिकरावांच्या हाताखाली भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. लाठी, मल्लखांब, जोर, बैठका यांबरोबरच शरीरविद्या ही चारचौघांत, शिस्तीने आणि क्रमाने शिकविता येते, हा धडा तेथे मिळाला. पुढे योगाचा वर्ग भरविताना हाच धडा त्यांच्या उपयोगी पडला.

पदवी घेतल्यानंतर त्यांनी देशाटन केले. खेड्यापाड्यांतील निरक्षरता आणि अंधश्रद्धा पाहून शिक्षणाखेरीज तरणोपाय नाही अशी त्यांची खात्री पटली, आणि खानदेशातील अमळनेर येथे खानदेश शिक्षण मंडळाच्या कार्यात ते सहभागी झाले. १९१६ ते १९२३ या काळात त्यांनी तेथे विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे पाठ दिले. १९२१ पासून ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. राष्ट्रीय वृत्तीचे हे महाविद्यालय सरकारच्या डोळ्यांत सलू लागले आणि १९२३ साली बंद पडले. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या प्राचार्यास आता संस्था उरली नव्हती.

परंतु तत्पूर्वीच त्यांच्या जीवनात दुसरे एक वळण येऊन गेले होते. १९१९ मध्ये बडोद्यापासून जवळच नर्मदातीरावरील मालसर येथे परमहंस माधवदास या वयोवृद्ध बंगाली योग्याचे दर्शन त्यांना घडले. माधवदासांचे दुसरे एक शिष्य, योगेंद्र, यांनी त्यापूर्वीच १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोवा येथे योगाची संस्था काढली होती. ही विद्या घरगृहस्थीच्या माणसांपर्यंत नेण्याची प्रेरणा एकाच गुरूच्या दोन शिष्यांत दिसावी, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. गुणे यांनी माधवदासांपाशी हठयोगाची साधना केली. तिचा देहावर होणारा परिणाम त्यांनी स्वतः अनुभवला, आणि येथेच त्यांच्यातील शिक्षक जागा झाला. आपणांस अनुभव आला एवढ्याने दुसऱ्यास शिकविण्याचा अधिकार प्राप्त होतो काय? ज्यास गुरू लाभला त्याचे ठीक. पण गुरूवाचून केवळ पोथी वाचून श्वास कोंडणाऱ्याच्या जिवास अपाय झाला, तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी रुग्णालयात शोधले. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साह्याने उड्डीयान बंध आणि नौली या क्रियांची त्यांनी क्ष-किरणांखाली परीक्षा केली. योगक्रियांकडे अशा दृष्टीने पाहण्याचे ते अगदी आरंभीचे प्रयत्न होत. बस्तिक्रियेत योगी पाणी आत ओढून घेतात, त्याचे कारण जुन्या ग्रंथांच्या परिभाषेत अपानवायूशी जोडले जाई. गुणे यांनी दाबमापक लावून पाहिला, तेव्हा नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो आणि पाणी त्यामुळेच वर चढते, असे आढळले. या निर्वात अवस्थेस त्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले. गुरूच्या विद्येची यंत्रावर परीक्षा घ्यावयाची आणि निष्कर्षास गुरूचेच नाव द्यावयाचे, यात श्रद्धा आणि चिकित्सा या दोहोंचा मान राखला गेला. ज्यांना या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात त्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

१९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळे येथे कुंजवनात कैवल्यधाम या आश्रमाची स्थापना झाली, आणि त्याच महिन्यात 'योग-मीमांसा' या इंग्रजी त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. मुंबई आणि पुणे या दोन्ही नगरांशी आगगाडीने जोडलेले, तरीही डोंगराच्या निवांत कुशीतले हे स्थळ अशा कार्यास सोयीचे होते. त्रैमासिकाची मांडणी मोठी बोलकी आहे. त्यात एक भाग शास्त्रज्ञांसाठी असे, तर दुसरा सामान्य वाचकासाठी. पहिल्यात आलेख, क्ष-किरणचित्रे आणि दाबाचे आकडे येत. दुसऱ्यात आसन कसे करावे, किती वेळ करावे आणि कोणी करू नये, याचे छायाचित्रांसह विवेचन येई. प्रयोगशाळा आणि वर्ग ही त्यांच्या दृष्टीने एकाच घराची दोन दालने होती.

या निष्ठेची खरी कसोटी प्राणायामाच्या बाबतीत लागली. प्राणायामाने शरीरास विपुल ऑक्सिजन मिळतो हा समज त्या काळी सर्वत्र होता, आणि योगाच्या प्रचारास तो अत्यंत सोयीचा होता. स्वामींनी १९३० च्या आसपास श्वासाचे मोजमाप केले आणि हा समज निराधार असल्याचे आपल्याच त्रैमासिकातून प्रसिद्ध केले. प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू घेण्यात नसून मज्जासंस्थेच्या नियमनात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्याकडे काही काळ शिकून अमेरिकेतील येल विद्यापीठात संशोधन करणारे कोवूर बेहनन यांच्या मोजमापांत मात्र ऑक्सिजनचा व्यय वाढलेला दिसला. त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा वाद तेथेच मिटला असे नाही. परंतु आपल्या पंथाची एक लोकप्रिय जाहिरात आपल्याच हाताने पुसून टाकणारा प्रचारक विरळाच.

नवशिक्यास काय शिकवावे याविषयी त्यांची शिस्त कडक होती. 'आसने' या त्यांच्या ग्रंथात पूर्ण, संक्षिप्त आणि अगदी सुलभ असे तीन अभ्यासक्रम दिले आहेत. ज्याची जेवढी शक्ती आणि जेवढा अवकाश, तेवढेच त्याने करावे. शीर्षासनाचा आरंभ पाव मिनिटाने करावयाचा आणि आठवड्याआठवड्याने बेताने वाढ करावयाची. ज्याचा कान वाहतो, ज्याच्या डोळ्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बळ आहेत, ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे, त्याने या आसनाच्या वाटेस जाऊ नये. झटके देऊन, दम छाटून, शेजाऱ्याशी स्पर्धा करून केलेले आसन हे आसनच नव्हे. पतंजलींनी सांगितलेल्या प्रयत्नशैथिल्याचा अर्थ त्यांनी असा व्यवहारात आणला, आणि त्यामुळेच शवासनासारख्या निश्चेष्ट दिसणाऱ्या अभ्यासास त्यांच्या वर्गात मोठे स्थान मिळाले. स्वस्थ पडून एकेक अवयव सैल सोडावयाचा आणि मग लक्ष श्वासाच्या येण्याजाण्यावर ठेवावयाचे, हे वरवर सोपे वाटते. करू जाता मन किती धावते ते कळते.

१९२७ च्या मार्चमध्ये कोल्हापूर-निपाणीकडच्या दौऱ्यात महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबामुळे एकाएकी ढासळली. विश्रांतीच्या काळात त्यांचा स्वामींशी पत्रव्यवहार झाला. स्वामींनी सुचविलेले काही अभ्यास ते करून पाहत आणि आपला अनुभव बारकाव्यानिशी कळवीत. येथेही स्वामींची भूमिका चमत्कार करणाऱ्या साधूची नव्हती, तर रोग्याची हकीकत मागवून उपाय बेताबेताने वाढविणाऱ्या वैद्याची होती.

शाळांचा प्रश्न याहून बिकट होता. एका गुरूपुढे एक शिष्य ही जुनी रीत. येथे एका मास्तरापुढे चाळीस-पन्नास मुले, हाताशी अर्धा तास, आणि मास्तर स्वतः योगी नव्हे. तेव्हा आधी मास्तरास शिकविले पाहिजे, हे स्वामींनी ओळखले. मुंबई आणि संयुक्त प्रांत येथील शिक्षणक्षेत्रात योगिक व्यायामास स्थान मिळावे म्हणून ते झटले. १९३६ साली त्यांचे 'यौगिक संघ व्यायाम' हे हिंदी पुस्तक निघाले. अनेकांनी एकाच वेळी आज्ञेबरहुकूम करावयाच्या अभ्यासांची मांडणी त्यात आहे, आणि माणिकरावांच्या आखाड्याची छाया त्यावर स्पष्ट दिसते. १९३७ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि त्यानंतर १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

हुकुमावर केलेल्या योगात कवायतीचा भाग वाढतो आणि अंतर्मुखता कमी होते, हा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पन्नास मुले एकदम हात वर करतात तेव्हा प्रत्येकाचे चित्त कोठे आहे हे मास्तरास कसे कळावे? परंतु दुसरा पक्षही पाहिला पाहिजे. हा मार्ग पत्करला नसता तर योग मठांत आणि जत्रेतील खेळांत अडकून पडला असता, आणि गरीब घरच्या मुलापर्यंत तो पोहोचलाच नसता. स्वामींनी थोडे गमावून पुष्कळांना थोडे दिले. तो सौदा त्यांनी जाणूनबुजून केला. ज्यास पुढे जावयाचे त्याच्यासाठी लोणावळ्याचे दार उघडे होते. तेथे एकेका साधकाकडे स्वतंत्र लक्ष दिले जाई.

मुंबईत चौपाटीवर १९३६ साली ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाचे योगिक आरोग्य केंद्र निघाले आणि संसारी माणसांची तेथे रीघ लागली. १९५०-५१ मध्ये लोणावळ्यास गोवर्धनदास सेक्सरिया महाविद्यालय उभे राहिले. योग शिकविणारे शिक्षक रीतसर तयार करणारे महाविद्यालय ही त्या वेळी अपूर्व गोष्ट होती. तेथे पातंजल योगाच्या जोडीस शरीररचनाशास्त्रही शिकावे लागे. अमळनेरचे महाविद्यालय बंद पडल्यास तेव्हा सुमारे सत्तावीस वर्षे लोटली होती. अखेरच्या वर्षांत योगोपचारांचे रुग्णालयही आश्रमाच्या आवारात सुरू झाले.

दि. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी स्वामींचे निधन झाले. संस्थेची धुरा त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांच्याकडे आली. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांचे संशोधन आणि संपादन त्यांच्या काळात चालू राहिले, 'योग-मीमांसा'चे अंक निघत राहिले आणि महाविद्यालयात दरवर्षी नव्या शिक्षकांची तुकडी दाखल होत राहिली.