परिसराचा अभ्यास शिकवणारे फादर सांतापाव



‘परिसर अभ्यास’ हा विषय आपल्या मुलांनी प्राथमिक शाळेत शिकलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निर्देश दिले आणि पुढे शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. आता प्रत्येक घरात पर्यावरणाची एक प्रकल्पवही असते. दुकानातून चित्रे आणायची, वाघ, हिमनग आणि ओझोनचा थर वहीत चिकटवायचा, खाली चार ओळी लिहायच्या की गुण मिळतात. पण त्याच मुलाला घरामागे आपोआप उगवलेल्या चार झुडपांची नावे विचारा. ते गप्प बसते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आम्हालाही ती सांगता येत नाहीत.

मागे एका पावसाळ्यात आपण चर्चच्या आवारात मोठ्या उत्साहाने रोपे लावली. फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. मार्च उजाडेपर्यंत त्यातली बहुतेक वाळली. पाणी कमी पडले असे आम्ही सर्वांना सांगितले, आणि ते खोटे नव्हते. पण पूर्ण खरेही नव्हते. वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या जागेत कोणते झाड तग धरते, हे आम्ही कोणालाच विचारले नव्हते. आमच्याकडे प्रेम होते, अभ्यास नव्हता. म्हणून या रविवारी अभ्यास करणाऱ्या एका धर्मगुरूची ओळख करून द्यावी असे वाटले.

फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाव, ज्यांना सर्वजण हेन्री सांतापाव म्हणत, यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनमधील तारागोना प्रांतातल्या ला गालेरा या खेड्यात झाला. ते येशूसंघात दाखल झाले. संघाच्या रीतीप्रमाणे तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकले आणि १९२८ मध्ये, पंचविशीच्या आतच, भारतात आले. पुढे संघाने त्यांना वनस्पतिशास्त्राच्या शिक्षणासाठी लंडनला पाठवले. तिथे डॉक्टरेट मिळवून त्यांनी क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पती उद्यानात काम केले, आणि १९४० मध्ये ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले.

या कॉलेजात त्यांच्याआधी स्वित्झर्लंडहून आलेले दुसरे एक येशूसंघी, फादर एथेलबर्ट ब्लॅटर, होऊन गेले होते. त्यांनी १९०६ मध्ये सुरू केलेला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आजही ब्लॅटर हर्बेरियम या नावाने तिथे आहे. फादर ब्लॅटर १९३४ मध्ये वारले. त्यांचा वारसा पुढे फादर सांतापाव यांनी सांभाळला व वाढवला.

असा संग्रह म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. डोंगरावर एखादे झाड दिसले की फुलासह त्याची छोटी फांदी घ्यायची, रद्दीच्या कागदात दाबून ठेवायची, कुजू नये म्हणून कागद वरचेवर बदलायचे, आणि वाळल्यावर ती जाड कागदावर लावायची. खाली गावाचे नाव, तारीख, जमीन कशी आहे, फुलाचा रंग कोणता, हे सारे लिहायचे. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून तो त्याच दिवशी लिहावा लागतो. काम दिसायला साधे आहे. पण शंभर वर्षांनी कोणी विचारले की या डोंगरावर तेव्हा काय होते, तर उत्तर त्या कागदावरच सापडते. पर्यावरणाच्या अभ्यासाची ही पहिली पायरी आहे. इथे काय आहे, हे आधी नावानिशी माहीत असावे लागते.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव पहिल्या मानवाकडे प्राण्यांना नाव देण्यासाठी घेऊन येतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही या प्रसंगाचा अर्थ अधिकार असा लावत असू, की जो नाव देतो तो मालक. फादर सांतापाव यांचे जीवन वाचल्यावर दुसरा अर्थ उमगतो. नाव देण्यासाठी आधी नीट पाहावे लागते. आणि जे नीट पाहिले, ते सहजासहजी मोडवत नाही.

फादरांनी अभ्यासासाठी खंडाळा निवडले. मुंबई-पुण्याचे लोक तिथे हवा खायला जात. फादर तिथे वर्षानुवर्षे, वेगवेगळ्या ऋतूंत, पुन्हा पुन्हा गेले. त्या एका डोंगराळ भागातील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणते झाड कुठे वाढते, केव्हा फुलते, केव्हा फळते, याची नोंद त्यात आहे. आज खंडाळ्यात इमारती वाढल्या, द्रुतगती मार्ग आला. तिथून काय गेले आणि काय उरले हे पाहायचे असेल, तर तो ग्रंथ मोजपट्टीसारखा उपयोगी पडतो.

एकाच जागी पुन्हा पुन्हा का जायचे? कारवीचे उदाहरण घ्या. सह्याद्रीच्या उतारांवर कारवीची दाट झुडपे असतात. ही कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. सारा डोंगर एकदम निळा-जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड उडते, मग बी धरते आणि झुडपे मरून जातात. पुढच्या पावसात नवी रोपे येतात. एकदाच सहलीला गेलेल्या माणसाला वाटेल की या झुडपाला फुलेच येत नाहीत, आणि फुलोऱ्यानंतर गेलेल्याला वाटेल की जंगल मेले. दोघेही चुकतील. फादर सांतापाव यांनी कारवीच्या या फुलण्यावर बारकाईने लेखन केले. कारवीची मुळे उताराची माती धरून ठेवतात, तिच्या काठ्यांचे कुड करून लोक घरे बांधत आले, तिच्या फुलांवर माश्या मध करतात. माती, माणूस, माशी आणि झुडूप ही सगळी एकमेकांना बांधलेली आहेत. अभ्यासाची दुसरी पायरी म्हणजे हे नाते ओळखणे.

तिसरी पायरी म्हणजे बदल वेळेवर ओळखणे. याचे एक उदाहरण आपल्या प्रत्येक बांधावर उभे आहे. गाजरगवत, ज्याला काही लोक काँग्रेस गवत म्हणतात, हे मूळचे आपल्या देशातले नाही. ते अमेरिका खंडातून आले. १९५० च्या दशकात पुण्यात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाच्या वनस्पतितज्ज्ञाच्या नजरेस पडले आणि १९५६ मध्ये त्याची नोंद मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. इतरांना ते साधे गवत वाटले असेल. पण ज्याला तिथली प्रत्येक वनस्पती ठाऊक होती, त्यालाच हा पाहुणा नवा आहे हे कळले. पुढे काय झाले ते आपण जाणतो. या गवताने अंगाला खाज येते, काहींना दम्याचा त्रास होतो, जनावरे त्याला तोंड लावत नाहीत, आणि जिथे ते वाढते तिथले चाऱ्याचे गवत मागे हटते. तेव्हा ओळखणारे डोळे जास्त असते, तर कदाचित ते इतके पसरले नसते.

याच सर्वेक्षण विभागाची १९५४ मध्ये पुनर्रचना सुरू झाली. फादर सांतापाव त्या कामात सहभागी झाले आणि १९६१ मध्ये विभागाचे संचालक झाले. स्पेनमध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूने भारताचे नागरिकत्व घेतले होते. नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी डॉ. सालिम अलींसारख्यांबरोबर केले. विद्वानांसाठी लिहिता लिहिता त्यांनी सामान्य वाचकांसाठी नेहमीच्या झाडांवर एक छोटे पुस्तक लिहिले. ते नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ मध्ये काढले. १९६७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १३ जानेवारी १९७० रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते देवाघरी गेले. पश्चिम घाटात सापडणाऱ्या एका कंदीलपुष्पाला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे.

आता कोणी म्हणेल, फादर, खंडाळ्यात वर्षाला चार हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात सातशे-आठशे, आणि परंड्याकडे त्याहूनही कमी. तिथले शास्त्र आपल्याला काय कामाचे? प्रश्न बरोबर आहे. तिथली झाडे इथे आणून उपयोग नाही. पण पाहण्याची रीत तीच आहे.

बालाघाटच्या पठारावरची आपली माळराने बघा. सरकारी कागदावर आणि आपल्या बोलण्यात त्यांचे नाव एकच, पडीक. पण तिथे कुसळी आणि पवना यांसारखी गवते आहेत, तरवड आहे, बोर आणि हिवर आहे. त्या गवतावर शेळ्या-मेंढ्या जगतात, मेंढ्यांच्या मागे लांडगा असतो. खोकड आणि चंडोल त्याच माळावर राहतात. गवताची मुळे पातळ माती धरून ठेवतात आणि पावसाचे पाणी धावण्याऐवजी मुरते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे. तो माळढोक आज महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला. शिकार हे एक कारण झालेच. पण माळ नांगरले गेले, आणि कुठे कुठे तर चांगल्या हेतूने त्यावर झाडे लावली गेली, हेही एक कारण आहे. मोकळ्या गवतात जगणाऱ्या पक्ष्याला झाडीचा उपयोग नसतो. पर्यावरणाच्या नावानेही पर्यावरण बिघडू शकते, ते असे.

दुष्काळ आपल्याला नवा नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी भोगला, २०१५-१६ मध्ये टँकरच्या रांगेत आपण स्वतः उभे राहिलो. पाऊस आपल्या हातात नाही. पडलेला पाऊस कुठे मुरतो, कोणत्या उतारावरून माती घेऊन पळतो, कोणते झाड कमी पाण्यात जगते, हे जाणून घेणे मात्र आपल्या हातात आहे. म्हणूनच हा विषय केवळ गुणांचा नाही. आपल्या विहिरीचा आणि चाऱ्याचा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सृष्टीच्या काळजीविषयी परिपत्रक लिहिले, त्यात तहानलेल्या गरिबांचा प्रश्न आणि धरतीचा प्रश्न वेगळे ठेवले नाहीत. आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

चर्चच्या मागच्या मोकळ्या माळावर यंदा वृक्षारोपण करावे, अशी सूचना काही जणांनी केली आहे. हेतू चांगला आहे. आमची विनंती एवढीच की खड्डे खणण्याआधी एक वर्ष आपण तो माळ शिकूया. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मुलांनी एक वही व पेन्सिल घेऊन थांबावे. आजी-आजोबांनीही थांबावे, कारण तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा कुठे उगवतो आणि कोणत्या महिन्यात खावा, हे तेच सांगू शकतात. ते बोलतील, मुले तारखेसह लिहितील. दर महिन्याला एकदा तसेच करू. वर्षअखेरीस जी यादी तयार होईल ती आपल्या धर्मग्रामाच्या दप्तरात ठेवू. बाप्तिस्म्याच्या नोंदी आपण ठेवतोच, त्याच कपाटात हिच्यासाठीही जागा आहे.

त्यानंतर काय लावायचे आणि कुठे काहीच लावायचे नाही, ते सगळे मिळून ठरवू. मागच्या वेळी वाळलेल्या रोपांचे खड्डे अजून तसेच आहेत. सुरुवात तिथूनच करू.