अमेरिकी वकिलांचा इंग्रज गुरू

वकिली चालेना म्हणून अध्यापनाकडे वळलेल्या एका इंग्रजाच्या ग्रंथावर अमेरिकेतील वकिलांच्या कित्येक पिढ्या घडल्या. हे गृहस्थ म्हणजे सर विल्यम ब्लॅकस्टोन.

लंडनमधील चीपसाइड भागात १० जुलै १७२३ रोजी त्यांचा जन्म झाला. रेशमी कापडाचा व्यापार करणारे वडील त्यापूर्वीच निवर्तले होते. बारा वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. ऑक्सफर्डमध्ये शिक्षण घेऊन १७४६ मध्ये ते बॅरिस्टर झाले, पण न्यायालयात त्यांचा जम बसला नाही. १७५३ पासून ते ऑक्सफर्डमध्ये इंग्लंडच्या कायद्यावर व्याख्याने देऊ लागले. तोवर तेथे रोमन कायदा शिकवला जाई, देशाचा स्वतःचा कायदा नव्हे! १७५८ मध्ये या विषयाच्या पहिल्याच अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली.

काम सोपे नव्हते. इंग्लंडचा 'कॉमन लॉ' कोणत्याही एका संहितेत लिहिलेला नाही. राजाच्या न्यायाधीशांनी शतकानुशतके एकेक तंटा सोडवताना जे निर्णय दिले, त्यांतून तो साकारला. आधीचा निर्णय पुढच्या खटल्यात आधार ठरतो, हे त्याचे मर्म. जुन्या निवाड्यांच्या या अरण्यातून ब्लॅकस्टोन यांनी वाट काढली आणि १७६५ ते १७६९ या काळात 'कॉमेंटरीज'चे चार खंड सिद्ध केले. व्यक्तींचे हक्क, मालमत्ता, खासगी अपकृत्ये आणि गुन्हे अशी त्यांची सुबोध मांडणी होती.

फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट बेल यांनी १७७१-७२ मध्ये त्यांची अमेरिकी आवृत्ती काढली. कायद्याची महाविद्यालये नसलेल्या त्या वसाहतींत हे खंडच गुरू झाले. पुढे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल यांच्या वडिलांनी ते मागवले होते. अब्राहम लिंकन यांनीही त्यांतूनच कायद्याचे धडे घेतले.

यातील विसंगती मात्र विलक्षण आहे. इंग्लंडचा कॉमन लॉ वसाहतींना आपोआप लागू होत नाही, असे ब्लॅकस्टोन यांनी याच ग्रंथात लिहिले होते. खासदार या नात्याने मुद्रांक कायदा रद्द करण्यासही त्यांचा विरोध होता. उलट वसाहतींच्या प्रतिनिधींनी १७७४ मध्ये कॉमन लॉवर आपला हक्क सांगितला आणि स्वातंत्र्याच्या वर्षीच व्हर्जिनियाने तो पुढे चालू ठेवला. आज अमेरिकेत राज्यघटना सर्वोच्च आहे. तिच्याखाली संघराज्याचे आणि राज्यांचे कायदे, प्रशासकीय नियम येतात. तरीही करार, नुकसानभरपाई अशा विषयांत राज्यांची न्यायालये पूर्वनिर्णयांचाच आधार घेतात. फ्रेंच-स्पॅनिश परंपरेचे लुईझियाना हा ठळक अपवाद.

या वारशात सारेच स्पृहणीय नव्हते. विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीत विलीन होते, हा ब्लॅकस्टोन यांनी मांडलेला नियमही अमेरिकेने उचलला. विवाहितेला स्वतःची मालमत्ता बाळगता यावी, यासाठी न्यूयॉर्कला १८४८ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्यांची व्याख्याने ऐकलेल्या जेरेमी बेंथम यांनी तर १७७६ मध्येच, प्रचलित व्यवस्थेची भलामण केल्याबद्दल, त्यांच्यावर झोड उठवली होती.

ब्लॅकस्टोन १७७० मध्ये न्यायाधीश झाले आणि १४ फेब्रुवारी १७८० रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेशी युद्ध तेव्हा सुरूच होते. वॉलिंगफर्डच्या सेंट पीटर चर्चमध्ये त्यांचे दफन झाले.