चांदबीबीची झाली चांद सुलताना : नगरच्या किल्ल्यात मिळालेला मान

अहिल्यानगर : पाथर्डी रस्त्याला शहा डोंगरावरची उंच इमारत दिसली की सगळे म्हणतात, चांदबीबीचा महाल. पण ‘बीबी’ हे तिचं नाव नव्हे, तो मान आहे. आपल्याकडं बाईसाहेब म्हणतात ना, तसाच. मुस्लिम समाजात पैगंबरांच्या पत्नी खदीजा आणि कन्या फातिमा यांनाही आदरानं बीबी म्हणतात. फातिमांना ‘खातून-ए-जन्नत’ म्हणजे स्वर्गातल्या मानकरीण असाही किताब आहे.

चांद ही नगरच्या हुसेन निजामशहाची लेक. विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. 1580 मध्ये नवऱ्याचा खून झाला, मूलबाळ नव्हतं. लहानग्या इब्राहिम आदिलशहाच्या नावानं तिनं कारभार पाहिला. दरबारातल्या भांडणात काही काळ तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही ठेवलं होतं. पुढं ती माहेरी नगरला आली.

1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन नगरवर आला. गादीवर हक्क सांगणारे चार, सरदारांची तोंडं चार दिशांना. भावाचा नातू बहादूर, अगदी लहान पोर, त्याच्या बाजूनं चांदबीबी किल्ल्यात उभी राहिली. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. काही आतल्या लोकांनी शोधून निकामी केले, पण एक उडालाच आणि तटाला मोठं खिंडार पडलं. भलेभले पळायला लागले. ती बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन खिंडारात आली. दिवसभर हल्ला रोखला अन् रातोरात भिंत बांधून काढली. गोळे संपल्यावर तोफेत सोन्या-चांदीची नाणी भरली, असंही लोक सांगतात. 1596 मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला, नगर वाचलं. तेव्हापासून तिला चांद सुलताना म्हणू लागले, असं जुन्या इतिहासग्रंथांत आहे. हा किताब कुणा बापा-नवऱ्याकडून आलेला नव्हता.

चार वर्षांनी मोगल परत आले, या वेळी शहजादा दानियाल. आता किल्ला टिकणार नाही, बोलणी करून पोराचा जीव वाचवावा, असं तिचं मत पडलं. हमीदखानानं ती फितूर झाल्याची आवई उठवली. जमाव महालात घुसला आणि तिला मारलं. ज्यांच्यासाठी ती खिंडारात उभी राहिली, त्यांच्यातलेच हे लोक. थोड्याच दिवसांत, 1600 मध्ये किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवलं.

अन् शहा डोंगरावरचा तो महाल? ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे.