बंदुकवाल्याचा मुलगा

देवगाव फाट्यावर उतरणारा माणूस सहसा देवगावचा नसतो. त्याला सेलूला, जिंतूरला नाहीतर मंठ्याकडे जायचे असते आणि पुढची गाडी येईपर्यंत तो तिथे चहा पीत बसतो. १९९१ सालच्या दिवाळीच्या तोंडावर मीही तिथे असाच थांबलो होतो. फरक इतकाच, की माझ्या जीपमध्ये पत्र्याच्या दोन पेट्या होत्या आणि त्यांत आमच्या शाखेची रोकड होती. कापूस बाजारात यायला लागला की शाखेत पैसा पुरत नसे. मग जिल्ह्याच्या गावाहून रोकड आणावी लागे. ती आणताना वाटेत कुठेही थांबायचे नाही असा नियम होता. पण सकाळपासून पोटात काही नव्हते आणि फाट्यावर भजी तळली जात होती.

आमच्याबरोबरचे सुरक्षारक्षक फौजेतून निवृत्त झालेले होते. आम्ही सगळे त्यांना हवालदारसाहेब म्हणत असू. त्यांच्याकडे बँकेच्या परवान्यावरची जुनी बारा बोअरची दुनळी होती, बाहेर घोडे असलेली. त्यांनी ती बाकड्याला टेकवली आणि पेट्या दिसतील अशा बेताने ते बसले. कुणाची तरी सायकल बाकड्याला घसटली. बंदूक आडवी झाली, घोडा दगडावर आपटला आणि एक नळी उडाली. छर्रे हॉटेलच्या पत्र्यातून आरपार गेले. कुणाला लागले नाही. चहा देणारे दहा-अकरा वर्षांचे पोर मात्र दोन्ही कानांवर हात दाबून तिथेच खाली बसले. ते रडलेही नाही. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

अहवाल मला लिहायचा होता. मी लिहिले की, रक्षकाने भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवली. हे खोटे नव्हते. पण जीप थांबवायला मीच सांगितले होते, आणि रस्ता सुनसान म्हणून बंदूक भरूनच ठेवा असेही मीच सांगितले होते. या दोन गोष्टी अहवालात आल्या नाहीत. हवालदारसाहेबांचे काम गेले. मला वरून फक्त एक पत्र आले. रक्षकांना बंदुकीऐवजी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल देणे अधिक सोयीचे होईल काय, यावर अभिप्राय कळवावा, असे त्यात होते.

मी खातेवह्यांतला माणूस. मला यातले काय कळणार? म्हणून एका परिचिताच्या ओळखीने परभणीच्या पोलीस मुख्यालयातल्या एका जाणत्या आर्मररकडे गेलो. त्यांनी टेबलावर फडके अंथरून दोन हत्यारे ठेवली. एक पॉइंट ३८ चे रिव्हॉल्व्हर आणि दुसरे इछापूरच्या कारखान्यात तयार झालेले ९ एमएमचे पिस्तूल. पुढचा अर्धा तास मी जे ऐकले, ते कर्ज मंजूर करताना आम्ही जो विचार करतो त्याच जातीचे होते. कोणते चांगले, हा प्रश्नच नव्हता. कोणती चूक परवडेल, हा होता.

रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या असतात. एखादी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, दुसरी समोर येते. भरले आहे की रिकामे, हे चक्र बाहेर काढले की पोरालाही दिसते. जो माणूस वर्षाला जेमतेम मूठभर गोळ्या झाडतो, त्याने यात चुका करायला जागा कमी. पिस्तूल चपटे, कमरेला बसायला बरे, आणि त्या ९ एमएमच्या मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या मावतात. पण ते वापरणाऱ्याने मॅगझिन, नळीमागचे घर, घोडा आणि खटका अशा चार गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे वाटते, आणि एक गोळी आत घरात तशीच बसलेली असते. शिवाय ९ एमएम हे कायद्याने प्रतिबंधित बोअर. पोलिसांना आणि सैन्याला मिळते, बँकेला मिळणार नाही. निघताना मी त्या पिस्तुलाचा कर्ता कोण म्हणून विचारले. उत्तर आले, ब्राउनिंग. मला वाटले, एखाद्या कंपनीचे नाव असावे. तो एक माणूस होता, हे मला नंतरच्या वाचनात कळले.

जॉन मोझेस ब्राउनिंग २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतल्या युटा प्रांतात, ऑग्डेन नावाच्या गावी जन्मला. बाप जोनाथन बंदुका घडवणारा. मॉर्मन पंथाची माणसे छळाला कंटाळून डोंगरापलीकडच्या ओसाड प्रदेशात जाऊन राहिली, त्यांच्यातला तो एक. त्याला तीन बायका आणि बावीस मुले होती. जॉन त्या दुकानातच वाढला. खेळणी म्हणून त्याच्या हाती आले ते मोडलेल्या बंदुकांचे भंगार. ब्राउनिंगांच्या घरात सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. दहाव्या वर्षी जॉनने बापाला न सांगता भंगारातल्या नळीची एक बंदूक जोडली आणि धाकट्या भावाला घेऊन रानकोंबड्या मारून आणल्या. बापाने बंदूक उलटसुलट करून पाहिली आणि शाबासकी न देता एवढेच विचारले, की आता तू अकरा वर्षांचा होत आलास, याहून बरी करता आली नसती का? आपल्याकडच्या सुताराच्या नाहीतर सोनाराच्या घरात ही गोष्ट कुणाला परकी वाटणार नाही.

१८७९ साल त्याच्या आयुष्यात सगळेच घेऊन आले. त्या वर्षी त्याचे लग्न झाले, बाप वारला आणि एकबारी रायफलीचे पहिले पेटंट मिळाले. भावांनी मिळून लहानसा कारखाना काढला. कुणालाच मोठ्या प्रमाणावर उत्पादन कसे करतात हे ठाऊक नव्हते. १८८३ मध्ये विंचेस्टर या बड्या कंपनीचा बेनेट नावाचा अधिकारी त्या रायफलीचा माग काढत थेट ऑग्डेनला आला आणि आठ हजार डॉलरला हक्क विकत घेऊन गेला. पुढची एकोणीस वर्षे ब्राउनिंग रचना करीत राहिला आणि विंचेस्टर ती विकत घेत राहिली. मधली दोन वर्षे, १८८७ ते १८८९, त्याने हत्यारे बाजूला ठेवली आणि पंथाचा प्रचारक म्हणून दक्षिणेतल्या जॉर्जियात दारोदार फिरला.

परतल्यावर एकदा नेमबाजीच्या मैदानात त्याला दिसले, की गोळी सुटताच नळीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूने समोरचे गवत झोपते. बंदूकवाल्यांनी ते हजारदा पाहिले होते. ब्राउनिंगने विचार केला, की वाया जाणारी ही ताकद पुढची गोळी भरायला का लावू नये? त्यातून त्याची मशीनगन झाली. धक्क्याच्या आणि वायूच्या जोरावर आपोआप भरणाऱ्या हत्यारांच्या मागे तो लागला, आणि तिथून पिस्तुलाकडे आला. १८९७ मध्ये बेल्जियममधल्या हर्स्टालच्या एफएन कारखान्याशी त्याचा संबंध जुळला. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो, रिकामे पुंगळे फेकतो आणि पुढे येताना नवी गोळी घरात ढकलतो, ही रचना त्याची. आज जगातल्या बहुतेक पोलिसांच्या कमरेला जे असते, ते याच घराण्यातले. फ्रेंच भाषेत तर ब्राउनिंग हा शब्द पिस्तूल या अर्थीच रूढ झाला.

१९०२ मध्ये त्याने आपोआप भरणाऱ्या शिकारी बंदुकीसाठी एकरकमी पैशाऐवजी दर नगामागे मानधन मागितले. विंचेस्टरने नकार दिला. ब्राउनिंग उठला आणि रेमिंग्टन कंपनीच्या दारात गेला. तो बाहेर बसलेला असतानाच कंपनीचे अध्यक्ष हृदयविकाराने गेल्याची बातमी आली. त्याने बंदूक उचलली आणि बोटीने बेल्जियम गाठले.

ब्राउनिंगची पिस्तुले आपल्याकडेही लवकर पोचली. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात शारदा नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे शिक्षणासाठी आमच्या मराठवाड्यातल्या औरंगाबादेत राहिलेले, वय अठराच्या आसपास. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना, कर्वे आणि देशपांडे यांच्यासह फाशी दिले गेले. पुढे २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेले पिस्तूलही एफएनचे, ब्राउनिंगच्याच रचनेचे होते. घडवणारा ऑग्डेनमध्ये कानशी चालवत होता आणि त्याच्या हातची वस्तू कुणाच्या हाती जाईल, यावर त्याचा काही ताबा नव्हता.

पण मला थांबवले ते १९११ च्या हकिकतीने. फिलिपिन्समधल्या लढायांत अमेरिकी सैन्याला पॉइंट ३८ चे रिव्हॉल्व्हर अपुरे वाटले. मोठ्या गोळीचे पिस्तूल हवे असे ठरले आणि अनेक वर्षे चाचण्या चालल्या. १९१० च्या चाचणीत ब्राउनिंगच्या पिस्तुलात दोष निघाले. तो हार्टफोर्डला गेला, कोल्ट कारखान्यात स्वतः उभा राहिला आणि भाग पुन्हा करवून घेतले. मार्च १९११ मध्ये एकाच पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडल्या गेल्या. शंभर झाडायच्या, जरा निववायचे, हजारानंतर तेल द्यायचे, फारच तापले तर पाण्यात बुडवायचे. ते एकदाही अडले नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेजचे सदतीस वेळा अडले. २९ मार्च १९११ रोजी निवड जाहीर झाली.

त्या चाचण्यांत घोडदळाने एक मागणी केली होती. घोड्यावरच्या माणसाचा एक हात लगामाला असतो. त्याला तयार पिस्तूल दुसऱ्या हाताने, तेही अंगठ्याने, निर्धोक करता आले पाहिजे. मुठीवर दाब असल्याशिवाय चाप न चालू देणारी पट्टी पिस्तुलात आधीच होती. म्हणजे हातातून सुटले की चाप मुका. त्यावर ब्राउनिंगने अंगठ्याचा खटका बसवून दिला. स्वारांनी अधिक सावध राहावे, असे सांगून त्याने हात झटकले नाहीत. हे वाचले तेव्हा मला फाट्यावरचे बाकडे आठवले आणि माझा अहवालही आठवला.

पहिल्या महायुद्धात त्याने आपल्या सरकारला मशीनगनचे हक्क बाजारभावाच्या मानाने फारच थोड्या रकमेला दिले. त्याच्या नावावर १२८ पेटंटे जमा झाली. सत्तरी ओलांडली तरी तो बोटीने बेल्जियमला जातच राहिला. फ्रेंच सैन्याला जास्त गोळ्यांचे पिस्तूल हवे होते. त्याच्यावर काम चालू असतानाच, २६ नोव्हेंबर १९२६ रोजी, हर्स्टालच्या कारखान्यात हृदयविकाराने त्याचा अंत झाला. ते पिस्तूल त्याचा सहकारी द्यूदोने सेव्ह याने पुरे केले आणि १९३५ मध्ये ते बाजारात आले. मॅगझिन काढल्यावर आत गोळी राहिली तरी चाप चालणार नाही, अशी फ्रेंचांची अट होती. ती पाळली गेली, पण त्यापायी चाप जरा जड झाला. एका चुकीला बांध घातला की दुसरीकडून थोडे पाणी झिरपतेच. परभणीच्या त्या टेबलावर मी पाहिले होते ते याच पिस्तुलाचे भारतीय रूप.

२६ नोव्हेंबर या तारखेला मराठी माणसाच्या मनात दुसरेच काही उभे राहते. २००८ सालच्या त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी रिकाम्या हातांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. कुणाच्या हाती काय द्यायचे हे कचेरीत बसून ठरते. ते हाती घेऊन, किंवा काहीच न घेता, नाक्यावर उभा राहतो तो वेगळा माणूस असतो. ब्राउनिंगचे मोठेपण मला इथे दिसते. आपल्या पिस्तुलातला दोष आपल्याच बाकावर परत आणायचा, हे तो आयुष्यभर करीत राहिला.

मी अभिप्राय पाठवला. वर्षाला चार गोळ्याही न झाडणाऱ्या रक्षकाच्या हाती पिस्तूल देऊ नये, बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुका काढून आत घोडे असलेल्या घ्याव्यात, आणि दरवर्षी सराव ठेवावा. दोनेक वर्षांनी आमच्या भागातल्या बंदुका बदलल्या. पहिला अहवाल मात्र जसा होता तसाच फायलीत राहिला.

निवृत्तीनंतर एकदा देवगाव फाट्यावर उतरलो आणि हवालदारसाहेबांचे गाव विचारत गेलो. पुष्कळ थकले होते. मी काय लिहिले नव्हते ते सगळे त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. सुनेला चहा ठेवायला सांगितला. मग बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, की ती दुनळी नंतर बदलली का? मी हो म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि, ते पोर बहिरे तर झाले नाही ना, असे विचारले. मला सांगता आले नाही. मी ते कधी पाहायला गेलोच नव्हतो.